एकाच काळ्या शाईतलं धुकं : डच एचिंग कसं पाहावं

जुलैमध्ये पावसाने घटकाभर उघडीप दिली की दोडामार्गातून तिलारीच्या बाजूला बघावं. जवळच्या माडा-पोफळी जवळजवळ काळ्या दिसतात. त्यांच्यामागची काजूची टेकडी गडद राखाडी, तिच्यामागचा डोंगर त्याहून फिका, आणि सगळ्यात मागे घाटाची कड इतकी पुसट, की तिथे डोंगर आहे हे आपण केवळ सवयीने ओळखतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेलं कुठलंही मूल हे दृश्य पेन्सिलीने बऱ्यापैकी काढेल. पुढे दाब द्यायचा आणि मागे जाताना हात हलका करत न्यायचा, एवढं त्याला शिकवलेलं असतं.

आता त्या मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घ्या आणि त्याला एकच काळी शाई द्या. ती पातळ करायची नाही, तिच्यात पांढरा रंग मिसळायचा नाही. कागदावर एक तर शाई असेल, नाही तर कोरा कागद. मग ती मागची पुसट कड काढायची कशी?

एचिंग करणाऱ्या चित्रकारापुढे नेमका हाच प्रश्न असतो. १९व्या शतकातल्या डच चित्रकारांनी तो गावाकडची दृश्यं काढताना पुन्हा पुन्हा सोडवला. संथ कालवा, काठाला बांधलेली होडी, शाकारलेलं घर, पवनचक्की, चरणाऱ्या गाई आणि वर अफाट आभाळ, असे त्यांचे विषय. त्यातली बरीच चित्रं वहीच्या पानापेक्षा मोठी नाहीत. पहिल्या नजरेला ती पेनाने काढलेली रेखाचित्रं वाटतात, म्हणून बघणारा पुढे सरकतो. ती कशी तयार झाली हे एकदा कळलं की त्याच चित्रासमोर पाय थबकतो. कारण एचिंगमधली प्रत्येक फिकी किंवा गडद छटा म्हणजे तांब्याने आम्लात काढलेला कमी-जास्त वेळ असतो, आणि तो वेळ चित्रात वाचता येतो.

वेंगुर्ल्याची वखार, अ‍ॅमस्टरडॅमचा पत्रा

डच मंडळी सिंधुदुर्गाला परकी नाहीत. जुन्या मराठी कागदपत्रांत त्यांना ‘वलंदेज’ म्हणत. १७व्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी वेंगुर्ल्याला वखार उभारली. तिचे पडके अवशेष बंदराजवळ आजही दिसतात. गोव्याच्या पोर्तुगिजांना कोंडीत पकडायला हे ठिकाण त्यांना सोयीचं होतं. १६३६ ते १६४४ या काळात डच आरमार मांडवीच्या तोंडाशी येऊन गोव्याची नाकेबंदी करत असे.

त्याच वर्षांत, १६४३ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅममध्ये चित्रकार रेम्ब्रांट तांब्याच्या एका पत्र्यावर तीन झाडं आणि एक वादळी आभाळ कोरत होता. ‘तीन झाडं’ याच नावाने ते एचिंग आज जगभर ओळखलं जातं. १९व्या शतकातले डच एचिंगकार त्याला आपला पूर्वज मानत, म्हणून पुढे त्या चित्रापाशी थोडं थांबू. आधी पत्र्याकडे वळू.

कल्हई आणि आंबट आमटी

तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई का करतात, हे कोकणात सांगावं लागत नाही. कल्हई शाबूत असेपर्यंत सोलाची किंवा चिंचेची आमटी भांड्यात खुशाल राहते. पण कलथ्याने एखाद्या जागी ओरखडा उठला, कल्हई गेली आणि खालचं तांबं उघडं पडलं, की आंबट पदार्थ नेमका तिथेच धातूला लागतो आणि आमटी कळकते. भांड्याच्या बाकीच्या भागाला काही होत नाही. जिथे ओरखडा, तिथेच आम्लाचा हल्ला.

एचिंग म्हणजे हीच घटना मुद्दाम, नेमकेपणाने आणि चित्रकाराच्या मर्जीने घडवून आणणं. इथे कल्हईच्या जागी मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ लेप असतो. तांब्याचा गुळगुळीत पत्रा गरम करून त्यावर हा लेप सारखा पसरवतात. मग पत्रा उलटा धरून मेणबत्तीच्या धुराने तो काळा करतात. कलथ्याच्या जागी येते एक बोथट टोकाची सुई. चित्रकार लेपावर सुईने रेघ ओढतो, तेवढा लेप निघतो आणि खालचं तांबं चकाकू लागतं. आमटीच्या जागी येतं आम्ल. पत्र्याच्या पाठीला आणि कडांनाही रोगण लावलेलं असतं, म्हणजे आम्लाने फक्त रेघांमधूनच शिरावं.

इथे एक बारकावा आहे आणि सगळी किल्ली त्यातच आहे. सुईवर दाब जास्त दिला काय, कमी दिला काय, फरक फारसा पडत नाही. सुईचं काम केवळ लेप बाजूला करायचं. तांब्यात चर खणतं ते आम्ल. त्यामुळे हात कागदावर पेन चालवावा तसा सहज फिरतो. तांब्यावर थेट छिन्नीने कोरणाऱ्या कारागिराला प्रत्येक रेघेसाठी जोर लावावा लागतो, त्याच्या रेघा शिस्तीच्या आणि ताठ होतात. एचिंगची रेघ मात्र वळते, थरथरते, गवतासारखी विस्कटते. कालव्याकाठचं लव्हाळं किंवा शाकारलेल्या छपराची कड दाखवायला हीच रेघ हवी.

हे तंत्र मुळात चित्रकारांचं नव्हतंच. चिलखतांवर नक्षी काढणारे कारागीर आम्ल वापरत. १५००च्या सुमारास जर्मनीत त्यावरूनच कागदावर छाप घेण्याची कल्पना निघाली.

हात रेघ ओढतो, गडदपणा आम्ल देतं

समजा, चित्रकाराने पत्र्यावर सगळं दृश्य ओढून घेतलं: पुढचं कुंपण, मधलं घर, मागची पवनचक्की, क्षितिजावरचं चर्चचं टोक. या घडीला सगळ्या रेघा सारख्याच आहेत. आता पत्रा आम्लात सोडतात. काही मिनिटांनी तो बाहेर काढून धुतात. एवढ्या वेळात सगळ्या रेघांच्या जागी अगदी उथळ चर पडलेले असतात.

क्षितिजाला एवढंच पुरे. म्हणून चित्रकार कुंचल्याने चर्चच्या टोकावर आणि लांबच्या झाडांवर रोगण लावून त्या रेघा बंद करून टाकतो. पत्रा पुन्हा आम्लात जातो. आता आम्ल फक्त उरलेल्या रेघा खणतं. थोड्या वेळाने पवनचक्की बंद, मग घर बंद. शेवटी एकटं कुंपण आम्लात राहतं, कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. त्याचे चर खोल आणि रुंद होतात.

छापताना उथळ चरात थोडी शाई मावते, खोल चरात भरपूर. थोडी शाई म्हणजे बारीक, फिकी रेघ. भरपूर शाई म्हणजे जाड, काळीभोर रेघ. शाई एकच होती. फरक केला खोलीने आणि खोली आली वेळेतून. आपल्या घाटाची पुसट कड एचिंगमध्ये काढायची तर ती आम्लातून सगळ्यात आधी सोडवून घ्यावी लागेल आणि अंगणातली पोफळ शेवटपर्यंत आत ठेवावी लागेल.

चांगल्या डच एचिंगमध्ये हे टप्पे डोळ्यांनी मोजता येतात. कुठल्या रेघा पहिल्या खेपेला थांबवल्या, कुठल्या दुसऱ्या, कुठल्या शेवटच्या. मला हा एचिंग बघण्यातला सगळ्यात मोठा आनंद वाटतो. तैलचित्रात चित्रकाराचे आधीचे निर्णय वरच्या रंगाखाली झाकले जातात. इथे ते सगळे उघडे असतात.

आम्लही एकसारखं नसतं. नायट्रिक आम्ल झपाट्याने खातं, रेघेत बुडबुडे उठतात, ते पिसाने हलवत राहावं लागतं, तपकिरी विषारी वाफा निघतात आणि द्रव निळा-हिरवा होतो. त्याची रेघ किंचित खडबडीत, झाडाच्या सालीला शोभेल अशी. १९व्या शतकात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं मिश्रण वापरात आलं. त्याला ‘डच मॉर्डंट’ असंच नाव आहे. ते सावकाश, बुडबुड्यांविना आणि सरळ खाली खणतं. पाण्यावरच्या तरंगांसारख्या जवळजवळच्या बारीक रेघांना ते सोयीचं.

आम्लाशिवायही एक वाट आहे. टोकदार सुईने उघड्या तांब्यावर थेट ओरबाडायचं. शेत नांगरताना तासाच्या कडेला माती उचलली जाते तसा रेघेच्या कडेला तांब्याचा बारीक कंगोरा उठतो. तो शाई धरून ठेवतो आणि छापात मखमली काळोख उमटवतो. हा ड्रायपॉइंट. पण कंगोरा नाजूक असतो. यंत्राच्या दाबाखाली थोड्याच प्रतींत तो झिजतो. म्हणून अशा चित्राच्या पहिल्या प्रती आणि नंतरच्या प्रती शेजारी ठेवल्या तर नंतरच्या निस्तेज दिसतात. १९व्या शतकाच्या मध्यानंतर तांब्यावर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा अतिपातळ थर चढवण्याची युक्ती निघाली, त्यामुळे पत्रे जास्त टिकू लागले.

कागद चरात उतरतो

आम्लाचं काम झालं की लेप धुऊन टाकतात. हातात येतो चरांनी भरलेला तांब्याचा पत्रा. त्याला थोडी ऊब देऊन सगळीकडे दाट शाई माखतात, ती चरांत दाबून भरतात. मग खळीच्या जाळीदार कापडाने वरची शाई पुसून काढतात. शेवटचा हात बहुधा तळव्याचाच, खडूची भुकटी लावलेला. पत्र्याचा पृष्ठभाग स्वच्छ होतो, शाई फक्त चरांत उरते.

कागद आधी भिजवून मऊ केलेला असतो. तो पत्र्यावर, त्याच्यावर जाड लोकरी घोंगडी, आणि हे सगळं दोन लोखंडी रुळांमधून जबरदस्त दाबाखाली सरकतं. ओला कागद अक्षरशः चरात उतरतो आणि शाई उचलून वर येतो. म्हणून एचिंगची रेघ कागदावर किंचित उंच असते. तिरक्या उजेडात धरलं तर काळ्या रेघांना सावली पडलेली दिसते. चित्राच्या चारही बाजूंना पत्र्याच्या कडांची खोलगट खूण उठते, तिला दाबखूण म्हणू.

आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांत रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं भिंतीवर आहेत. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातून ती निघाली. तीही छापील, पण तंत्र अगदी निराळं. त्यात दगडाच्या सपाट पृष्ठभागावरून, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही या तत्त्वावर, एकेका रंगाचा छाप घेतात. त्यात चर नाही, उंचवटा नाही, दाबखूणही नाही.

छाप आरशासारखा उलटा येतो, हेही लक्षात ठेवावं. पत्र्यावरची डावीकडची होडी कागदावर उजवीकडे जाते. रेम्ब्रांटने अ‍ॅमस्टरडॅम शहराचं एक दृश्य पत्र्यावर जसं दिसलं तसंच काढलं, त्यामुळे छापात सगळं शहर उलट झालं. डच चित्रकार व्हॅन गॉगच्या ‘बटाटे खाणारे’ या शेतकरी कुटुंबाच्या चित्राची १८८५ची शिळाछाप आवृत्तीही तैलचित्राच्या तुलनेत डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल झालेली आहे. त्यातच एचिंगकाराला दुसरीही उलटापालट सोसावी लागते. काजळीने काळ्या केलेल्या पत्र्यावर तो चकाकत्या रेघा ओढत असतो. छापात त्या काळ्या होणार असतात. म्हणजे काम करताना समोर दिसतं त्याच्या उलट दिशा आणि उलट उजेड मनात धरून हात चालवायचा.

एका पत्र्यावरून सूर्योदय आणि चांदणं

आतापर्यंत मी पत्रा पूर्ण स्वच्छ पुसतात असं म्हटलं. पण तो पूर्ण पुसलाच नाही तर?

पृष्ठभागावर शाईचा पातळ पापुद्रा राहू दिला की कागदावर एक सौम्य राखाडी झाक उतरते. ती आभाळात ठेवली की संध्याकाळ होते. तिच्यात एखादी जागा बोटाने स्वच्छ पुसली की तिथे चंद्र उगवतो. मऊ कापड चरांवरून हलकेच फिरवलं की आतली शाई थोडी वर येते, रेघेची कड विरघळते आणि धुकं पडतं.

ही ताकद किती मोठी आहे हे लुदोव्हिक लपिक या फ्रेंच चित्रकाराने १८७०च्या दशकात दाखवून दिलं. बेल्जियम आणि हॉलंडमधून वाहणाऱ्या स्खेल्डे नदीच्या काठाचं एकच दृश्य त्याने पत्र्यावर कोरलं. मग केवळ शाई लावण्या-पुसण्याचा ढंग बदलत त्या एका पत्र्यावरून ८५ वेगवेगळी चित्रं काढली. कुठे सूर्योदय, कुठे चांदणं, कुठे पाऊस, कुठे बर्फ, आणि एकात तर काठावरची पवनचक्की पेटलेली. पत्र्यावरची एचिंगची रेघ तीच.

याचा अर्थ असा की एचिंगच्या प्रतींत छापणाऱ्याचा हात चित्रकाराइतकाच बोलतो. पॅरिसमधला ऑग्युस्त देलात्र हा मुद्रक याच कसबासाठी नावाजलेला होता. प्रत्येक प्रतीसाठी शाई नव्याने भरायची, नव्याने पुसायची. त्यामुळे एकाच एचिंगच्या दोन प्रती वेगवेगळ्या संग्रहालयांत वेगवेगळ्या दिसल्या तर त्यातली एक खोटी असं समजण्याचं कारण नाही.

तीन झाडांसमोर थोडा वेळ

रेम्ब्रांटचं ‘तीन झाडं’ साधारण २१ सेंटिमीटर उंच आणि २८ सेंटिमीटर रुंद आहे. निसर्गदृश्याच्या त्याच्या एचिंगमध्ये याहून मोठं दुसरं नाही. उजवीकडे लहानशा उंचवट्यावर तीन झाडं आभाळाला भिडलेली. डावीकडे सपाट रान लांबवर पसरत जातं आणि क्षितिजावर शहराची पुसट रेघ लागते. वरच्या डाव्या कोपऱ्यात पट्टी लावून ओढाव्यात अशा कडक, काळ्या, तिरक्या रेघा आहेत.

त्या रेघांकडे आधी बघा. बाकीच्या चित्रातली रेघ सैल, वळणदार आहे. इथे ती एकदम निर्दय होते. पाऊस असा दाखवावा हे धाडस आहे. मला ती ओसरणारी सर वाटते, कारण झाडांमागचं आभाळ जवळजवळ कोरं सोडलं आहे आणि तोच या चित्रातला सगळ्यात लख्ख उजेड. झाडं काळी दिसतात ती मागच्या कोऱ्या कागदामुळे.

आता पुढच्या काळोखात नजर स्थिरावू द्या. डावीकडे खाली एक माणूस गळ टाकून बसलेला सापडेल, शेजारी बाई. उजवीकडच्या झुडपाच्या गच्च रेघांत एक प्रेमी जोडपं लपलेलं आहे. ते दिसायला वेळ लागतो. वर उंचवट्यावर एक चित्रकार बसून चित्र काढतो आहे आणि तो वादळाकडे पाठ करून भलतीकडेच बघतो आहे. या पत्र्यावर रेम्ब्रांटने आम्लाची रेघ, ड्रायपॉइंटची मखमल आणि छिन्नीची धार अशी तिन्ही साधनं वापरली. गच्च काळोख कुठे कशाने झाला हे शोधत बसलं तर तासही अपुरा पडतो.

गावाकडे वळलेली नजर

रेम्ब्रांटनंतर एचिंग हळूहळू मागे पडलं. मुख्यतः मोठ्या चित्रांच्या नकला छापण्याचं साधन म्हणून ते उरलं. १९व्या शतकाच्या मध्यावर छायाचित्रण आलं आणि नकलेचं काम त्याच्याकडे गेलं. मग चित्रकारांना एचिंगमधली मूळची मोकळीक पुन्हा आठवली. १८६२ मध्ये पॅरिसचा प्रकाशक आल्फ्रेद कादार याने एचिंगकारांची एक संस्थाच उभी केली.

त्याच वर्षी कादारने योहान बार्टोल्ड योंगकिंड या डच चित्रकाराच्या सहा एचिंगचा संच छापला. विषय होता हॉलंडमधली दृश्यं: कालवे, होड्या, काठावरची घरं. योंगकिंड १८१९ साली हॉलंडमधल्या लाट्रॉप नावाच्या खेड्यात जन्मला आणि आयुष्याचा मोठा भाग फ्रान्समध्ये राहिला. बोदलेअर या कवीने त्याच्या एचिंगची तेव्हाच दखल घेतली. चित्रकार क्लोद मोनेने तर आपली नजर योंगकिंडने घडवली असं मान्य केलं.

योंगकिंडची रेघ पहिल्यांदा पाहताना घाईची वाटते. होडीचा डोलारा चार-सहा फटकाऱ्यांत, पाणी म्हणजे तुटक आडव्या रेघा आणि मध्ये सोडलेला कागद, ढग म्हणजे काही विस्कटलेली वळणं. नीट पाहिलं की कळतं, त्याने गाळलं किती आहे. पाण्याचा तरंग त्याने काढला नाही. तरंगावर उजेड कुठे तुटतो एवढंच टिपलं आणि बाकीचं काम कागदाच्या पांढऱ्यावर सोपवलं. रेम्ब्रांटचा गच्च काळोख मला थक्क करतो, पण योंगकिंडच्या या मोकळ्या जागा मला जास्त आवडतात.

खुद्द हॉलंडमध्ये १८८५ साली ‘डच एचिंग क्लब’ स्थापन झाला. यान व्हेथ, विलेम विट्सेन, फिलिप झिल्केन ही तरुण मंडळी त्यात पुढे होती. दरवर्षी सभासदांच्या एचिंगचा संच काढायचा असा त्यांचा क्रम. एकट्या झिल्केनने आयुष्यात सहाशेहून अधिक एचिंग केली. ज्येष्ठ चित्रकार योझेफ इस्राएल्सने कोळी आणि शेतकऱ्यांची घरं पत्र्यावर उतरवली. व्हॅन गॉगला सुरुवातीला शिकवणारा त्याचा नातलग आंतॉन माऊव्ह मेंढरं आणि माळरानं रंगवण्यासाठी नावाजलेला. खुद्द व्हॅन गॉगने मात्र १८९० मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, एकुलतं एक एचिंग केलं, तेही त्याचे डॉक्टर गाशे यांच्या चेहऱ्याचं.

या सगळ्यांनी गाव, गुरं आणि पवनचक्क्याच का निवडल्या? कारण त्यांच्या डोळ्यांदेखत ते गाव बदलत होतं. हॉलंडची पहिली रेल्वे १८३९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम धावली. हार्लेमजवळचं सुमारे १८,००० हेक्टरांचं प्रचंड सरोवर वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ पर्यंत कोरडं केलं गेलं. शतकानुशतकं पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांचं काम यंत्रं घेऊ लागली. चित्रांत ती यंत्रं सहसा दिसत नाहीत. ही चित्रकारांची निवड होती आणि बघणाऱ्याने ती ओळखली पाहिजे. त्या काळातलं हॉलंड खरंच एवढं शांत होतं, असं या एचिंगवरून मानू नये.

तिलारीच्या धरणाखाली गावं गेलेली पाहणाऱ्या माणसाला ही निवड समजायला जड जाऊ नये.

चौकट : हातात जुनी छापील प्रत आली तर

आधी चित्राच्या कडा बघा. पत्र्याची खोलगट दाबखूण आहे का? मग भिंग लावा. खऱ्या एचिंगची रेघ अखंड असते. भिंगातून सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ती छायाचित्रावरून केलेली यांत्रिक छपाई. प्रत तिरकी धरून रेघ उंच आहे का ते पाहा, पण बोट लावू नका. त्वचेच्या तेलाने कागद डागाळतो. पत्र्यावरच कोरलेली सही वेगळी आणि खालच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने केलेली वेगळी. पेन्सिलीने सही करण्याची रीत १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. फ्रेममध्ये लावताना काच कागदाला टेकू देऊ नका. कोकणातल्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात.

आभाळाची वाटणी

डच ग्रामीण एचिंगमध्ये क्षितिज बहुधा कागदाच्या खालच्या तिसऱ्या भागात असतं. वरचे दोन भाग आभाळ, आणि त्यातही पुष्कळदा कोरा कागद. त्या देशाची जमीनच तशी आहे, पत्र्यासारखी सपाट. एक छाटलेला विलो वृक्षसुद्धा तिथे उंच दिसतो. कवळासाठी फांद्या छाटलेला ऐन आपल्या बांधावर जसा उभा असतो, तसाच तो विलो: आखूड बुंधा आणि डोक्यावर फुटव्यांचा झुपका. हे झाड ओळखायला सिंधुदुर्गातल्या माणसाला वेळ लागणार नाही.

दोडामार्गात मात्र आभाळ वाट्याला कमी येतं. डोंगर, रबराच्या बागा, पोफळीची कुळागरं डोळ्यांसमोर उभी राहतात आणि वर एक पट्टा उरतो. इथलं दृश्य एचिंगमध्ये उतरवायचं तर डच रीत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. कोऱ्या कागदावर भिस्त ठेवण्याऐवजी काळोखाच्या पायऱ्या लावाव्या लागतील. त्यासाठी एचिंगचंच एक भावंड आहे, अ‍ॅक्वाटिंट. पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून ती तापवून चिकटवायची. आम्ल कणांच्या मधून शिरतं आणि रेघेऐवजी सबंध पृष्ठभागच दाणेदार होतो. त्यातून सलग राखाडी छटा मिळतात. आषाढातला ओला डोंगर रेघेपेक्षा त्या छटेत जास्त खरा उतरेल असं मला वाटतं.

भारतात हे तंत्र बंगालच्या मुकुल डे यांनी असंच आपलंसं केलं. ते १९१६ मध्ये अमेरिकेत एचिंग शिकले आणि पुढे त्यांनी बंगालचं जीवन पत्र्यावर उतरवलं. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, जे १८५७ मध्ये सुरू झालं, मुद्राचित्रण आज रीतसर शिकवलं जातं. तिथल्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची एचिंग प्रत्यक्ष पाहता येतात, रेघेचा उंचवटा आणि दाबखुणेसकट.

डच एचिंग पाहायला तर मुंबईलाही जावं लागत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातल्या असंख्य चित्रांच्या मोठ्या, स्पष्ट प्रतिमा सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या आहेत. मोबाइलवर ‘तीन झाडं’ उघडा, दोन बोटांनी मोठं करा आणि झुडपातलं जोडपं शोधा. मग योंगकिंडचं एखादं कालव्याचं दृश्य घ्या आणि त्यातली सगळ्यात फिकी रेघ कुठली, सगळ्यात काळी कुठली, आणि मधल्या किती खेपा झाल्या असतील, ते स्वतः ठरवा.

सिंधुदुर्गातल्या चित्रकला शिक्षकांना मात्र एक विनंती आहे. घातक वाफांचं नायट्रिक आम्ल आता अपरिहार्य नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किट पट्ट्या कोरायला वापरतात ते फेरिक क्लोराइड तांब्यावर उत्तम चालतं. त्यालाही हातमोजे आणि देखरेख लागते, आणि उरलेला द्रव ओढ्यात सोडून चालत नाही, एवढी काळजी घ्यावीच लागेल. दोन रूळ, एक सपाट पाट आणि एक हात-चाक, इतकंच यंत्र. लोखंडकाम करणारा जाणता कारागीर ते बनवू शकतो. तालुक्यातल्या दोन-चार शाळांनी मिळून असं एक यंत्र उभं करावं आणि मुलांच्या हातात तळहाताएवढा तांब्याचा पत्रा द्यावा. आपलं गाव आहे तसं उतरवून ठेवायला दोडामार्गाच्या मुलांना दुसऱ्या कुणाची वाट पाहायला लागू नये.